दुचाकीची दुसरी चावी आणि अडकणारे कुलूप : या चुका टाळा

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या हंगामात दिवसभर उभ्या असलेल्या मोटारसायकलीत संध्याकाळी चावी घालावी आणि ती आत जाऊनही फिरू नये, हा अनुभव इथल्या अनेकांना आहे. अशा वेळी बहुतेक जण आधी जोर लावतात, मग तेल सोडतात आणि शेवटी त्याच झिजलेल्या चावीवरून दुसरी चावी करून घेतात. या तिन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. त्या का चुकीच्या आहेत हे समजण्यासाठी कुलपाच्या आत काय असते ते आधी पाहायला हवे.

मोटारसायकलीच्या इग्निशनच्या कुलपात फिरणाऱ्या गोल भागामध्ये पातळ धातूच्या पट्ट्यांची रांग असते आणि प्रत्येक पट्टीला केसासारखी बारीक स्प्रिंग बाहेर ढकलत असते. योग्य चावी आत गेली की तिचे दाते प्रत्येक पट्टीला नेमक्या उंचीवर आणतात, सगळ्या पट्ट्या गोल भागाच्या कडेशी सपाट होतात आणि तेव्हाच चावी फिरते. एक पट्टी जरी किंचित बाहेर राहिली, तरी ती कुलपाच्या खाचेत अडकते. म्हणजे चावी फिरत नसेल, तर बिघाड बहुधा दोनपैकी एका ठिकाणी असतो : एक तर चावीचे दाते झिजून पट्ट्या पुरेशा सरकत नाहीत, किंवा घाणीमुळे पट्ट्यांना सरकताच येत नाही.

यांपैकी नेमके काय झाले आहे, हे न तपासता उपाय सुरू करणे ही पहिली चूक. गाडी नवी घेताना दोन चाव्या मिळतात आणि त्यांतली एक बहुधा कपाटात पडून असते. ती आणून पाहावी. कपाटातल्या चावीने कुलूप सहज फिरले, तर दोष रोजच्या चावीचा आहे. दोन्ही चाव्या अडखळत असतील, तर कुलूप साफ करायला हवे. चावी पूर्ण आत ढकलून फिरत नाही, पण जराशी बाहेर ओढली की फिरते, हे झिजेचे ओळखीचे लक्षण आहे. चावी व्यवस्थित फिरते पण डॅशबोर्डवरचा दिवा लागत नाही, किंवा चावी हलवली की लागतो आणि विझतो, असे असेल तर चावी आणि पट्ट्या दोन्ही निर्दोष असून बिघाड विजेच्या बाजूचा, बहुधा कुलपाच्या खालच्या विजेच्या संपर्कात आहे. ते काम किल्लीवाल्याचे नाही, वायरमनचे आहे.

दुसरी चावी कशावरून करावी

माझ्या मते सगळ्यांत महागात पडणारी चूक इथे होते. किल्लीवाल्याचे यंत्र समोरच्या चावीच्या कडेवरून सुई फिरवते आणि तीच रेषा कोऱ्या चावीवर कापते. त्याला झीज आणि मूळ आकार यांतला फरक कळत नाही. पाच-सहा वर्षे वापरलेली चावी त्याच्या हाती दिली, तर नवी चावी जन्मापासूनच झिजलेली असते. त्या चावीवरून पुढे तिसरी केली, की चुकीत चूक मिसळत जाते. आमच्या भागातले एक जुने किल्लीवाले गिऱ्हाइकाच्या हातातली चावी पाहताच सांगतात, "दादा, ही नको, घरात ठेवलेली आणा." त्यांचे एका चावीचे काम त्या दिवशी बुडते, तरीही ते हेच सांगतात, याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटतो.

म्हणून न वापरलेल्या चावीवरून दुसरी करून घ्यावी, रोजच्या वापराला ती नवी ठेवावी आणि मूळ चावी पुन्हा कपाटात ठेवावी. नव्या गाडीच्या चाव्यांसोबत धातूचा छोटा बिल्ला मिळाला असेल, किंवा चावीवरच क्रमांक कोरलेला असेल, तर तो वहीत लिहून ठेवावा. काही कंपन्यांच्या अधिकृत विक्रेत्याकडे गाडीची कागदपत्रे दाखवून त्या क्रमांकावरून चावी मागवता येते. कोरी चावी निवडताना हलक्या, मऊ धातूची घेऊ नये, कारण ती मानेजवळ वाकते आणि एके दिवशी कुलपातच तुटते. चावी कापून झाल्यावर दात्यांच्या कडा बारीक कानशीने साफ करून मागाव्यात, आणि दुकानातून निघण्यापूर्वी ती इग्निशन, पेट्रोलची टाकी आणि बाजूचे कुलूप अशा तिन्ही ठिकाणी फिरवून पाहावी. अनेक जण फक्त गाडी चालू करून पाहतात आणि पंपावर रांगेत उभे राहिल्यावर टाकीचे झाकण उघडत नाही हे त्यांना कळते.

चावीत चिप असलेल्या गाड्यांची गोष्ट वेगळी आहे. तिथे धातू हुबेहूब कापला तरी इंजिन चालू होत नाही, त्यामुळे थेट अधिकृत विक्रेत्याकडेच जावे.

तेल, जोर आणि पक्कड

कुलूप अडखळू लागले की खोबरेल तेल किंवा इंजिनचे ऑइल सोडण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे. पहिले दोन-चार दिवस कुलूप मऊ चालते, म्हणून उपाय बरोबर वाटतो. पुढे त्याच तेलावर रस्त्याची धूळ, हळदीची भुकटी आणि गळिताच्या दिवसांत कारखान्याच्या बाजूने येणारी राख बसते, त्याचा चिकट लगदा होतो आणि बारीक स्प्रिंगांना तो हलवणे जमत नाही. कुलपाला कोरडे वंगण लागते. आधी गंज आणि घाण सोडवणारा स्प्रे नळीने आत मारावा, चावी दहा-पंधरा वेळा आत-बाहेर करावी, दर वेळी ती फडक्याने पुसावी, आणि फडके स्वच्छ निघू लागले की कुलूप वाळू द्यावे. त्यानंतर ग्राफाइटची चिमूटभर पूड पुरेशी होते. ती नसेल तर मऊ पेन्सिलीचे शिसे चावीच्या दोन्ही बाजूंना घासावे.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ५७ फुटांवर गेले, तेव्हा गावभागात माझ्या थोरल्या भावाची गाडी कित्येक दिवस पाण्यात होती. पाणी ओसरल्यावर मी वाळलेल्या गाळाने भरलेल्या कुलपात चावी घातली, ती फिरेना म्हणून पक्कड लावली, आणि चावी मानेपाशी तुटली. गाळ ओला असतानाच बॅटरीची तार काढून कुलूप स्वच्छ पाण्याने हळूहळू धुतले असते, मग वाळवून स्प्रे मारला असता, तर कदाचित ते वाचले असते. शेवटी पूर्ण लॉक सेट बदलावा लागला.

चावी आत तुटलीच, तर उरलेल्या तुकड्याला फेविक्विक लावून ओढण्याचा प्रयत्न कृपया करू नका. तो द्रव पट्ट्यांत उतरला की किल्लीवाल्याचाही इलाज चालत नाही. तुकडा बाहेर दिसत असेल तर बारीक चिमट्याने सरळ ओढावा, आणि दिसत नसेल तर हात न लावता किल्लीवाल्याला बोलवावे. तुटलेले दोन्ही तुकडे जपून ठेवले, तर त्यांवरूनही नवी चावी करता येते.

हँडल लॉक उघडत नाही तेव्हा पुष्कळदा कुलपात काहीच बिघडलेले नसते. चाक दगडाला किंवा शेजारच्या गाडीला टेकलेले असते आणि आतल्या खिळ्यावर ताण आलेला असतो. एका हाताने हँडल अलगद मागेपुढे हलवत दुसऱ्या हाताने चावी फिरवावी. घराच्या, दुकानाच्या आणि कपाटाच्या चाव्यांचा जड जुडगा गाडीच्या चावीला लटकवणेही थांबवावे, कारण खड्ड्यांच्या रस्त्यावर तो सतत हिंदकळतो आणि पट्ट्या एका बाजूने झिजवतो. वॉशिंग सेंटरवर पाण्याचा जोराचा फवारा थेट चावीच्या भोकात मारू देऊ नये.

चावी हरवली आणि ती ओळखीच्या परिसरातच कुणाच्या हाती लागली असण्याची शक्यता असेल, तर दुसरी चावी करून भागत नाही; तिन्ही कुलपांचा सेट बदलावा. हरवल्याची नोंद पोलीस ठाण्यात करून तिची प्रत गाडीच्या कागदपत्रांत ठेवावी, कारण पुढे गाडी चोरीला गेल्यास विमा कंपन्या भरपाईपूर्वी सहसा दोन्ही मूळ चाव्या मागतात.