हातापायांवरील गाठींचे कारण कळत नसेल तेव्हा काय करावे

मनगटावर, हाताच्या तळव्यात किंवा पावलाच्या कमानीत गाठ लागली की पहिली शंका कर्करोगाचीच येते, आणि डॉक्टरांना दाखवूनही नेमके नाव मिळाले नाही तर ती शंका मनात घर करून राहते. या भागांतील बहुतेक गाठी निरुपद्रवी असतात. मात्र आपली गाठ त्यांपैकीच आहे, हे स्वतः चाचपून ठरवता येत नाही. डॉक्टर गाठ काही मिनिटे पाहतात, तर ती महिनोन्‌महिने कशी वागते हे फक्त रुग्णालाच ठाऊक असते. म्हणून निदान होईपर्यंत व्यवस्थित नोंद ठेवणे, हे रुग्णाच्या हातातले सर्वांत उपयोगी काम आहे.

नोंद महिन्यातून एकदा, ठरावीक दिवशी करावी. ‘वाटाण्याएवढी’, ‘लिंबाएवढी’ अशा शब्दांनी काही महिन्यांनंतर तुलना करता येत नाही, त्यामुळे लांबी आणि रुंदी मिलिमीटरमध्ये लिहावी आणि गाठीशेजारी मोजपट्टी ठेवून दर वेळी त्याच बाजूने छायाचित्र काढावे. गाठ मऊ आहे, रबरासारखी आहे की हाडासारखी कठीण. तिच्यावरची त्वचा मोकळी सरकते की खाली चिकटलेली आहे. बोट हलवले की गाठही हलते का. थंड पाण्याने कळ येते का. सकाळी सांधे आखडतात का आणि किती वेळ, हेही लिहावे. रोज दाबून पाहण्याचा मोह मात्र आवरावा, कारण सतत दाबल्याने गाठ दुखरी होते आणि दुखते म्हणजे वाढली, असा समज होतो.

गाठी अनेक ठिकाणी असतील तर त्या सगळ्या एकाच कागदावर लिहाव्यात, हा माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे. मनगटाची गाठ एका डॉक्टरांना आणि पायाची दुसऱ्यांना दाखवली, तर दोघांनाही अर्धेच चित्र दिसते. तळहाताच्या त्वचेखालचा पडदा जाड होऊन तेथे गाठी आणि नंतर दोरीसारखे पट्टे तयार होण्याच्या विकाराला फ्रेंच शल्यचिकित्सक डुपिट्रेन यांचे नाव आहे. तो बहुधा अनामिका आणि करंगळी यांच्या बाजूला दिसतो. तळपायाच्या कमानीत तशाच गाठी होण्याच्या विकाराला लेडरहोज म्हणतात, आणि हे दोन्ही एकाच व्यक्तीत आढळू शकतात. तळहात टेबलावर पालथा ठेवून तो पूर्ण सपाट टेकतो का, हे अधूनमधून पाहावे. टेकेनासा झाला तर हाताच्या शस्त्रक्रियातज्ज्ञांना दाखवण्याची वेळ आली आहे असे समजावे.

मनगटाच्या मागच्या बाजूची गाठ पुष्कळदा गँगलिऑन असते. सांध्याच्या किंवा कंडरेच्या (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीच्या) आवरणातून निघालेली ही पिशवी जेलीसारख्या घट्ट द्रवाने भरलेली असते, तिचा आकार कमी-जास्त होतो आणि अंधारात टॉर्च टेकवली तर तिच्यातून उजेड आरपार दिसतो. अनेक गँगलिऑन आपोआप जिरतात. सुईने द्रव काढला तरी ते पुन्हा भरणे नेहमीचे आहे. जड पुस्तक आपटून ते फोडण्याचा जुना उपाय कोणीही करू नये, कारण त्यात हाड किंवा कंडरा दुखावते आणि गाठ परत यायची ती येतेच.

बोटांच्या टोकाकडील सांध्यांवर आलेल्या कठीण गाठी बहुधा झिजेच्या संधिवाताच्या असतात. आमवातातही त्वचेखाली गाठी येतात. गाउट या सांधेदुखीच्या विकारात युरिक आम्लाचे स्फटिक साठून गाठी होतात. रक्तातील पातळी साधारण 6.8 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर राहिली की स्फटिक बनू शकतात, परंतु सांधेदुखीच्या ऐन झटक्यात केलेल्या चाचणीत हीच पातळी सामान्य दिसू शकते, म्हणून एकाच अहवालावर गाउट नाही असे धरू नये. टाचेमागच्या कंडरेवर किंवा बोटांच्या कंडरांवर गाठी असतील तर कोलेस्टेरॉल अवश्य तपासून घ्यावे, कारण आनुवंशिक अतिकोलेस्टेरॉलची ती खूण असू शकते आणि तेथे खरा धोका गाठीला नसून हृदयाला असतो.

रोजच्या व्यवहारात गाठीवरचा दाब कमी करणे एवढेच सूत्र पाळावे. हत्यारे, पेन, झाडूचा दांडा यांना मऊ पट्टी गुंडाळून मूठ जाड केली तर पकडीचा ताण कमी होतो. मनगट दुखत असेल तर काही दिवस आधारपट्टा वापरावा, मात्र तो कायम बांधून ठेवल्यास मनगट आखडते. पायासाठी पुढे रुंद आणि मऊ तळाचे बूट घ्यावेत, आणि गाठीखाली येणारा भाग पोकळ केलेला आतला तळ बसवून घ्यावा. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झाली असेल तर तळपाय रोज पाहावेत आणि कुरूप समजून कोणतीही गाठ घरी कापू नये.

गाठ सातत्याने वाढत असेल, खोलवर घट्ट बसलेली असेल, रात्री दुखत असेल, तिच्यावर जखम झाली असेल, काढल्यावर परत आली असेल किंवा बोटे बधिर होत असतील, तर पुढच्या महिन्याच्या नोंदीची वाट पाहू नये. ताप, लाली आणि वाढता ठणका असल्यास त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. हातापायांतील दुर्मीळ घातक गाठीही लहान असू शकतात, त्यामुळे केवळ आकार छोटा म्हणून निश्चिंत राहणे बरोबर नाही.

बहुधा आधी सोनोग्राफी आणि एक्स-रे होतात, गरज भासल्यास एमआरआय. स्वरूप कळण्याआधी गाठ घाईने काढून टाकण्याचा आग्रह रुग्णाने धरू नये; ती घातक निघाली तर चुकीच्या जागी घेतलेला छेद पुढची शस्त्रक्रिया अवघड करतो. गाठ काढलीच तर ती सूक्ष्मदर्शकाखालील तपासणीसाठी पाठवली जाणार आहे का, हे आधी विचारावे आणि तो अहवाल नोंदवहीतच जपून ठेवावा, कारण दोन वर्षांनी दुसऱ्या हातावर तशीच गाठ आली तर नवे डॉक्टर सर्वांत आधी तोच मागतील.