रोजचा ताण आणि लांब उच्छ्वास : कोकणातल्या घरांसाठी योगाभ्यासाची एक रीत

कोकणातल्या माणसाचा ताण बहुतेक वेळा वाट पाहण्यातून येतो. मोहोर आला की तो टिकण्याची वाट, पौष-माघात आभाळ भरून आले की ते निवळण्याची वाट, होडी बाहेर गेली की ती परतण्याची वाट, वाशीच्या बाजारातून पेटीचा दर कळेपर्यंत फोनची वाट आणि मुंबईला असलेल्या मुलाच्या नोकरीचे काय झाले हे कळण्याची वाट. यातले फारसे काही आपल्या हातात नसते, तरीही शरीर मात्र दिवसभर संकटाला तोंड द्यायच्या तयारीत राहते. ही तयारी तासाभराची असती तर काही बिघडले नसते. ती आठवडेच्या आठवडे उतरत नाही तेव्हा मान आखडते, पहाटे तीनला जाग येते, जेवण अंगी लागत नाही आणि घरातल्या माणसांवर विनाकारण आवाज चढतो. पुढे सांगितलेली रीत अशा रोजच्या ताणासाठी आहे. तिचा गाभा एवढाच, की उच्छ्वास लांबवायला शिकावे आणि तेही घरात सगळे ठीक चालू असताना शिकावे, म्हणजे कठीण दिवशी तो आपोआप हाताशी येतो.

श्वासापासूनच सुरुवात का करायची, हे स्वतःच्या मनगटावर बोटे ठेवून तपासता येते. शांत बसून नाडी हाताला लागू द्यावी आणि मग सावकाश श्वास घ्यावा व सोडावा. श्वास आत येताना ठोके किंचित वेगाने पडतात आणि बाहेर जाताना मंदावतात. तरुण, निरोगी माणसाला हा फरक सहज जाणवतो, वय वाढले की तो कमी होतो. भीती किंवा घाई असताना चेतासंस्थेचा अनुकंपी भाग शरीराचा ताबा घेतो, अ‍ॅड्रेनलिन व कॉर्टिसॉल ही संप्रेरके रक्तात वाढतात, ठोके आणि रक्तदाब चढतात. विश्रांतीच्या बाजूचा परानुकंपी भाग व्हेगस नावाच्या चेतेतून हृदयाला सावकाश चालण्याचा संदेश देतो आणि हा संदेश उच्छ्वासाच्या काळात अधिक जोरकस असतो. हृदयाला, आतड्यांना किंवा ग्रंथींना आपण थेट हुकूम देऊ शकत नाही. श्वास आपोआपही चालतो आणि आपल्या इच्छेनेही चालवता येतो, म्हणून या यंत्रणेत शिरण्याचे आपल्या हातातले दार तोच आहे. पतंजलींच्या योगसूत्रांत मन स्थिर करण्याचे जे पर्याय दिले आहेत, त्यांत समाधिपाद या पहिल्या प्रकरणातले चौतिसावे सूत्र श्वास बाहेर सोडणे आणि धरणे याविषयीच आहे. घरच्या अभ्यासासाठी त्यातले सोडणे पुरेसे आहे. धरण्याच्या वाटेला जाणकाराशिवाय जाऊ नये.

पहिले काही दिवस एवढेच करावे. पाठीवर निजून गुडघे वाकवावेत, पावले जमिनीला टेकवावीत आणि एक तळहात बेंबीवर ठेवावा. श्वास नाकानेच घ्यावा आणि नाकानेच सोडावा. श्वास घेताना हात वर उचलला गेला आणि सोडताना खाली गेला म्हणजे श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूंचा पडदा, नीट काम करत आहे. ताणात राहिलेल्या माणसाची मात्र छातीच वरखाली होत असते आणि पोट दगडासारखे घट्ट असते. ते घट्ट पोट सैल पडायला काही दिवस लागतात, तेवढे द्यावेत. मग मनात चार अंक मोजत श्वास घ्यावा आणि सहा अंक मोजत सोडावा. एक अंक साधारण एका सेकंदाचा धरला तर एका मिनिटात सहा श्वास होतात. एरवी स्वस्थ बसलेला प्रौढ माणूस मिनिटाला बारा ते वीस श्वास घेतो. चार-सहा जड वाटल्यास तीन-चार करावे. आकड्यांपेक्षा प्रमाण महत्त्वाचे आहे, म्हणजे सोडणे घेण्याहून लांब असावे. शेवटी हवा रेटून बाहेर काढावी लागत असेल किंवा पुढचा श्वास घाईने ओढावा लागत असेल, तर मोजणी जास्त झाली आहे. पाच मिनिटांनी थांबावे. हे जमले की तेच बसून, आणि पुढे उभ्याने करावे.

जागा आणि वेळ कोकणात हवा पाहून ठरवाव्या लागतात. मार्चपासून पावसापर्यंत सूर्य वर आला की घामाने अंग चिकटते आणि आसनांत मन लागत नाही, म्हणून त्या दिवसांत उजाडण्यापूर्वीची वेळ खळ्यात किंवा ओटीवर मिळाली तर ती सोडू नये. पावसाळ्यात पडवीपर्यंत ओल येते, लादी घामेजते आणि रबराची चटई तिच्यावर सरकते, शिवाय तिला बुरशीचा वासही धरतो. त्यापेक्षा जाड सतरंजी किंवा घोंगडी बरी, आणि ऊन पडेल तेव्हा ती वाळत घालावी. पोट रिकामे असावे. पेज किंवा न्याहारी अभ्यासानंतर घ्यावी आणि संध्याकाळी करायचे असेल तर भरपेट जेवणानंतर निदान तीन तास जाऊ द्यावेत. घरात वेगळी खोली नसते, माणसांची ये-जा असते, टीव्ही चालू असतो. त्यामुळे घरातल्यांना एकदा स्पष्ट सांगून ठेवावे की या पंधरा-वीस मिनिटांत हाक मारू नका. ही विनंती करायला विशेषतः घरातल्या बायका संकोचतात. त्यांनी संकोच करू नये, असे मला मनापासून वाटते, कारण दिवसभरातला दुसरा कुठलाच वेळ त्यांच्या मालकीचा नसतो.

आसने थोडीच घ्यावीत. योगसूत्रांत आसनाची खूण स्थिर आणि सुखकर बसणे एवढीच सांगितली आहे, आणि ताण कमी करण्यासाठी करायच्या आसनाला हीच कसोटी लावावी: ज्या स्थितीत उच्छ्वास लांब राहत नाही ती स्थिती आज आपल्यासाठी नाही. आपल्याकडच्या कामांत शरीराचे ठरावीक भाग आखडतात. विळीवर बसून, आमसुले करताना किंवा काजूबिया सोलताना पाठ पुढे वाकलेली राहते. डोक्यावर मासळीची पाटी वाहणाऱ्यांची मान आणि खांदे दगड होतात. जाळे ओढणाऱ्यांची कंबर धरते. म्हणून प्रथम खांदे घ्यावेत. उभे राहून बोटांची टोके खांद्यांवर ठेवावीत आणि कोपरांनी मोठी वर्तुळे काढावीत. कोपरे वर जाताना श्वास घ्यावा, मागून खाली येताना सोडावा. आमच्या सकाळच्या वर्गात मासळी विकणाऱ्या एक काकी हे करताना कोपरे कानाच्या पातळीला आणून तिथेच अडकायच्या. त्यांना वर्तुळ बाजूला ठेवायला सांगितले आणि नुसते उभे राहून तीन-चार लांब उच्छ्वास सोडायला लावले. कानाला चिकटलेले खांदे डोळ्यांदेखत दोन बोटे खाली उतरले. "खांदो इतको वर चढललो ह्या माका कळाकच नाय," असे त्या म्हणाल्या. ताण पुष्कळदा असाच बेमालूम राहतो, आणि तो आधी लक्षात येणे हाच अभ्यासाचा अर्धा भाग आहे.

त्यानंतर मार्जारासन करावे. हात आणि गुडघे जमिनीवर टेकून ओणवे व्हावे, श्वास घेताना पाठ खाली व नजर समोर, सोडताना पाठ वर कमानीसारखी आणि हनुवटी छातीकडे. हालचाल श्वासाच्या मागून चालावी, पुढे धावू नये. पाच-सहा आवर्तने झाल्यावर पाठीवर निजून एकेक गुडघा हातांनी पोटाकडे घ्यावा, म्हणजे कंबर सुटते आणि गॅसही मोकळा होतो. गुडघे दुखत असतील तर मार्जारासन खुर्चीच्या कडेला बसून, हात मांड्यांवर ठेवूनही होते. सूर्यनमस्कार अंगवळणी असतील त्यांनी अवश्य घालावेत, पण ताणाने आधीच दमलेल्या माणसाने त्यांपासून सुरुवात करू नये.

शवासनाला मात्र घाई करू नये, कारण लोक नेमके तेच अर्ध्यावर सोडतात. पावलांत वीतभर अंतर, हात शरीरापासून थोडे दूर, तळवे वर, मानेखाली घडी केलेला टॉवेल. पायाच्या बोटांपासून सुरुवात करून लक्ष सावकाश वर आणावे: पोटऱ्या, मांड्या, पोट, हाताची बोटे, खांदे, जबडा, डोळ्यांभोवतीची कातडी. प्रत्येक जागी काय जाणवते एवढेच पाहावे आणि पुढच्या उच्छ्वासाबरोबर ती जागा जमिनीवर सोडून द्यावी. जबड्याशी जरा थांबावे. दात एकमेकांवर दाबलेले आहेत हे बहुतेकांना तिथे कळते. झोप लागली तर ती शरीराची गरज समजावी, पण रोजच लागत असेल तर रात्रीची झोप कमी पडते आहे असे धरून तिच्याकडे पाहावे. उठताना एकदम उठून बसू नये. कुशीवर वळावे, थोडे थांबावे आणि हाताच्या आधाराने उठावे.

रात्री डोके विचारांनी भरलेले असेल तर भ्रामरी उपयोगी पडते. हठप्रदीपिका या हठयोगाच्या जुन्या ग्रंथात सांगितलेल्या आठ कुंभकांपैकी, म्हणजे श्वास धरण्याच्या प्राणायामांपैकी, ती एक आहे. घरी करताना तिचे साधे रूप घ्यावे. ताठ बसून ओठ मिटावेत, दातांत थोडे अंतर राहू द्यावे, श्वास घ्यावा आणि सोडताना भुंग्यासारखा बारीक, एकसारखा गुंजारव करावा. आवाज मोठा नको. गुणगुणताना हवा सावकाशच बाहेर पडते, त्यामुळे मोजणी न करताही उच्छ्वास लांबतो, आणि मोजणीचा कंटाळा येणाऱ्यांना, मुलांना व आजी-आजोबांना हे जास्त आवडते. कानदुखी किंवा कानात संसर्ग असेल तर बरे होईपर्यंत थांबावे.

किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांकडे लक्ष एकाग्र करण्याचे एक साधन आयतेच आहे, ते म्हणजे समुद्राची गाज. दिवेलागणीला पुळणीवर किंवा घराच्या पायरीवर बसून दहा मिनिटे फक्त ती ऐकावी. एक लाट फुटल्याचा आवाज, तिचे पसरणे, मागे जाताना वाळूचा सरसर आवाज, मग पुढची लाट येईपर्यंतचा अवकाश. मध्ये बँकेचा हप्ता आठवेल, भावकीतला जमिनीचा वाद आठवेल. आठवले हे ओळखावे आणि पुढच्या लाटेवर परत यावे. दहा मिनिटांत असे कितीही वेळा झाले तरी काही बिघडत नाही, कारण हे परत येणेच तर शिकायचे असते. श्वास लाटांशी जुळवण्याचा प्रयत्न करू नये. लाटा एकसारख्या अंतराने येत नाहीत आणि त्यांच्यामागे धावणारा श्वास अडखळतो. समुद्र दूर असलेल्यांनी पागोळ्यांचा आवाज घ्यावा, रहाटाचा घ्यावा. तेही नसेल तर दिवसातले एक काम निवडून ते लक्षपूर्वक करावे. विळीवर नारळ खोवताना हाताला लागणारा करवंटीचा खरखरीतपणा, पडणारा कीस, त्याचा वास. खोबरे खोवून होईपर्यंत दुसरे काही नाही, फोनही नाही.

फोनचा मुद्दा वेगळा सांगायला हवा. हंगामात दराचा फोन वाजला की तो उचलण्याआधी एक पूर्ण उच्छ्वास सोडावा, आणि वाईट बातमी आल्यास उत्तर देण्यापूर्वी आणखी तीन. व्यवहार तेवढ्या वेळाने बदलत नाही. आवाजातला थरकाप मात्र कमी होतो आणि सौदा करताना त्याचा उपयोगच होतो. हवामानाचा अंदाज सकाळ-संध्याकाळ ठरलेल्या वेळी पाहावा. दर अर्ध्या तासाने आभाळ आणि मोबाइल आळीपाळीने पाहणाऱ्या बागायतदाराला फवारणीचा निर्णय त्यामुळे लवकर घेता येतो असे नाही.

सातत्याबद्दल योगसूत्रांचे म्हणणे स्पष्ट आहे: अभ्यास दीर्घकाळ, खंड न पाडता आणि आदराने केला तरच तो पक्का होतो. म्हणून आठवड्यातून एकदा तासभर करण्यापेक्षा रोज पंधरा मिनिटे करावीत. जून-जुलैच्या मासेमारीबंदीचा काळ दर्यावर्दी घरांना शिकण्यासाठी उत्तम, बागायतदारांना मोहोरापूर्वीचा. गणपतीत घर चाकरमान्यांनी भरलेले असते, पहाटेपासून चूल पेटलेली असते, तेव्हा आसने राहिली तरी चालतील. आंघोळीपूर्वीचे दहा लांब उच्छ्वास आणि निजण्यापूर्वीची भ्रामरी मात्र राहू देऊ नये. शिकायला शक्यतो जाणकाराकडे जावे. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर १९१८ साली श्री योगेंद्र यांनी सुरू केलेली आणि आज सांताक्रूझला असलेली द योग इन्स्टिट्यूट ही संस्था गृहस्थाश्रमी माणसासाठीच योग शिकवत आली आहे, आणि घाटमाथ्यावर लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये स्थापलेल्या कैवल्यधामात योगक्रियांचे शरीरावरचे परिणाम प्रयोगशाळेत मोजण्याचे काम तेव्हापासूनच सुरू झाले.

काही पथ्ये पाळावीच लागतात. रक्तदाब, हृदयविकार, हर्निया किंवा काचबिंदू असणाऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी कपालभाती व भस्त्रिका हे जोरजोरात श्वास करायचे प्रकार, श्वास रोखणे आणि डोके खाली जाणारी आसने परस्पर सुरू करू नयेत. गरोदरपणाच्या उत्तरार्धात शवासनही पाठीवर न करता डाव्या कुशीवर करावे. चक्कर आली, बोटांना मुंग्या आल्या तर मोजणी सोडून नेहमीसारखा श्वास घ्यावा. छातीत दुखणे आणि घाम फुटणे याला ताण समजून श्वास मोजत बसू नये, तडक दवाखाना गाठावा. डोळे मिटून बसल्यावर जुने वादळ, पूर किंवा घरातला मृत्यू पुन्हा पुन्हा समोर येत असेल, तर डोळे उघडे ठेवून चालता चालता अभ्यास करावा आणि कुणाशी तरी बोलावे. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप, भूक आणि कामातला रस गेलेला असेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर डॉक्टरांची मदत घ्यावी. टेली मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास विनामूल्य चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येते. मानसोपचाराची औषधे चालू असतील तर हा अभ्यास त्यांच्या जोडीने करावा आणि गोळ्या कमी-जास्त करायच्या त्या डॉक्टरांना विचारूनच.