आपापल्या घरी बसून जुन्या नाटकाचे अभिवाचन कसे ध्वनिमुद्रित करावे

दहा-बारा हौशी माणसे, प्रत्येकाकडे एक माइक, आणि सगळ्यांनी मिळून एक जुने नाटक आवाजातून उभे करायचे. कोणी कोणासमोर बसणार नाही. प्रत्येकजण आपले संवाद सवडीने मुद्रित करून पाठवणार आणि संपादक ते जोडणार. अशा कामात सगळ्यांना काळजी असते माइकची, पण माइक ही त्यातली सोपी बाब. नाटक बिघडते ते दोन ठिकाणी: संहिता नीट तयार न करताच वाटली की, आणि जोडताना दोन संवादांमधल्या थांब्याकडे दुर्लक्ष झाले की. म्हणून खाली या दोन टप्प्यांवर जास्त लिहिले आहे.

१. नाटक आणि त्याचे हक्क

आधी हक्क पाहा. भारतात लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या नाटकाचा स्वामित्वहक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. ही मुदत मृत्यूच्या पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून मोजतात. म्हणजे १९५० साली वारलेल्या नाटककाराचे लेखन २०१० अखेर मुक्त झाले. युरोपातल्या बहुतेक देशांत हीच मुदत ७० वर्षांची आहे, आणि अमेरिकेत जुन्या पुस्तकांसाठी प्रकाशनापासून ९५ वर्षे असा हिशेब चालतो. मुद्रण जिथे ठेवणार ते संकेतस्थळ कोणत्या देशाचा कायदा पाळते हे त्यामुळे विचारून घ्यावे लागते. सर्वाधिक चुका भाषांतरांत होतात. मूळ नाटक चारशे वर्षांचे असले तरी भाषांतरकाराचा हक्क वेगळा असतो आणि तो अजून चालू असू शकतो. नव्या आवृत्तीतली प्रस्तावना आणि टिपा यांचेही तेच.

मग नाटक कानाने चालते का ते बघा. वेषांतर, मूकप्रसंग, हातातल्या वस्तूवरून उडणारा गोंधळ अशी दृश्यावर उभी असलेली नाटके ऐकताना लंगडी पडतात. एका प्रवेशात सात-आठ पात्रे एकदम बोलत असतील तर पहिल्या प्रयत्नाला ते नाटक घेऊ नका. पदे असतील तर ती गायची की कवितेसारखी म्हणायची हे सुरुवातीलाच ठरवा. शब्द मुक्त झाले म्हणून चाल मुक्त झाली असे होत नाही, आणि जुन्या ध्वनिमुद्रिकेतला तुकडा उचलून मध्ये घालणे तर नकोच. बहुतेक गटांना पदे म्हणणेच परवडते.

२. संहिता

सगळ्यांकडे एकच, एकसारखी संहिता हवी. एकाकडे पहिली आवृत्ती आणि दुसऱ्याकडे नंतरची असेल तर प्रश्नाला भलतेच उत्तर येते. छापील पानांचे छायाचित्र काढून संगणकाकडून मजकूर करून घेतला असेल तर तो मूळ पानाशी ओळन् ओळ ताडून पाहा. देवनागरीत भ-म, ध-घ, ब-व यांची अदलाबदल हमखास होते. जुन्या छपाईतले अनुस्वारही सांभाळा. १९६२च्या शुद्धलेखन नियमांआधीच्या पुस्तकांत ‘नाहीं’, ‘कांहीं’, ‘घरीं’ असे अनुच्चारित अनुस्वार असतात. नवखे वाचक ते नाकात उच्चारतात आणि सगळे पात्र सर्दी झाल्यासारखे बोलू लागते. वाचनप्रतीत हे अनुस्वार काढून टाकावेत. बाकी जुनी भाषा मात्र जशीच्या तशी ठेवा.

यानंतर प्रत्येक संवादाला क्रमांक द्या: अंकाचा आकडा, मग संवादाचा. उदाहरणार्थ:

२-०४१ दिवाण: महाराज, खजिन्यात आता फक्त—
२-०४२ राजा: फक्त काय? बोला!
२-०४३ दिवाण: (खाली पाहून) फक्त कुलूप उरलं आहे.

क्रमांक नसले तर संपादकाला प्रत्येक वाक्य शोधत बसावे लागते आणि चूक कळवताना ‘त्या भांडणातलं तिसरं वाक्य’ अशी भाषा सुरू होते.

वरच्या तीन ओळींत संहिता तयार करणाऱ्याने तीन निर्णय घ्यायचे असतात. पहिला निर्णय तुटलेल्या वाक्याचा. दिवाणाने ‘फक्त’वर थांबून वाचले तर आवाज आपोआप खाली उतरतो आणि वाक्य संपल्यासारखे वाटते. म्हणून त्याच्या प्रतीत पुढचे दोन-चार शब्द कंसात लिहून द्यावेत: ‘फक्त (कुलूप उरलं आहे)’. त्याने ते सगळे बोलायचे, संपादक ‘फक्त’नंतर कापणार आणि राजा तिथेच घुसणार. दुसरा निर्णय रंगसूचनेचा. ‘खाली पाहून’ हे निवेदकाने वाचायचे का? नको. ते वाचकाला अभिनयासाठी आहे, ऐकणाऱ्याला आवाजातूनच कळले पाहिजे. जे ऐकून कळणार नाही आणि ज्यावाचून अडेल तेवढेच निवेदकाकडे द्यावे: कोण आत आले, कोण गेले, पत्र कोणाच्या हातात पडले, दिवा मालवला. तिसरा निर्णय आवाजाच्या पट्टीचा. राजा दरबारात बोलतोय की खासगीत, हे संहितेत लिहिलेले नसले तर एकजण ओरडेल आणि दुसरा कुजबुजेल. प्रत्येक प्रवेशाच्या वर एक ओळ टाका: ‘रात्र, बंद खोली, बाहेर ऐकू जाऊ नये असे बोलणे.’ एवढे पुरते.

मग प्रत्येक पात्राची वेगळी प्रत काढा. तिच्यात त्याचे संवाद ठळक आणि त्याआधीचा दुसऱ्याचा संवाद पूर्ण हवा, नुसते शेवटचे दोन शब्द नकोत. समोरचा काय बोलला हे माहीत नसले की प्रत्येक उत्तर त्याच त्या सुरात येते. विशेषनामे आणि अनोळखी शब्द यांचे उच्चार एकाने म्हणून एक छोटी ध्वनिफीत करावी आणि सर्वांना द्यावी. चार माणसांनी एकच नाव चार तऱ्हांनी घेतले तर ते नंतर दुरुस्त करणे फार कटकटीचे.

३. पात्रवाटप

आवाज ऐकूनच भूमिका द्या. प्रत्येकाकडून एकच मिनिटभराचा उतारा मागवा. त्यात अभिनय किती चांगला हे बघायचेच, पण एकाच प्रवेशातले दोन आवाज एकमेकांत मिसळतात का हे त्याहून महत्त्वाचे. ऐकणाऱ्याकडे चेहरे नसतात. दोन मैत्रिणींचे आवाज सारखे असतील तर एकीची लय मुद्दाम संथ ठेवायला सांगता येते, पण आवाज बदलून घेण्यापेक्षा भूमिका बदललेली बरी. समोरासमोर येत नसलेल्या दोन लहान भूमिका एकानेच करायला हरकत नाही.

मुख्य भूमिका करणाऱ्याचे मुद्रण आधी घ्या आणि ते इतरांना ऐकायला द्या. नाटकाची लय आणि तीव्रता त्यावरून ठरते. मोठी भूमिका अर्ध्यात सुटली तर सगळे अडते, म्हणून तिची मुदत अंकागणिक ठेवा.

४. मुद्रण

खोली लहान, मऊ सामानाने भरलेली हवी. कपड्यांचे कपाट, गाद्या, जाड पडदे यांनी घुमणारा आवाज मरतो. पंखा, वातानुकूलन बंद. माइक तोंडापासून १५ ते २० सेंटिमीटरवर आणि किंचित बाजूला. प, फ, ब, भ या अक्षरांबरोबर सुटणारी हवा थेट माइकवर आदळली की ‘धप्’ असा आवाज येतो आणि तो नंतर नीट काढता येत नाही.

सर्वांसाठी एकच मांडणी ठरवून द्या: मोनो (एकाच वाहिनीचा आवाज), ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, वेव्ह फाइल. सर्वांत मोठे बोलणे उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहावे (शून्य म्हणजे आवाज फाटण्याची मर्यादा) आणि शांततेतली खरखर उणे ६० डेसिबलच्या खाली. ऑडॅसिटी या मोफत प्रणालीत दोन्ही पाहता येते. फोनवर मुद्रण करत असाल तर आवाज आपोआप कमीजास्त करणाऱ्या आणि गोंगाट दाबणाऱ्या सोयी बंद करा, नाहीतर शब्दांची सुरुवात गिळली जाते. संदेशाच्या ॲपवरून व्हॉइस नोट म्हणून पाठवलेला आवाज दाबला जातो. मूळ फाइल क्लाउडवर ठेवा. काम सुरू करण्याआधी प्रत्येकाचे एक मिनिट तपासून घ्या. चाळीस संवाद झाल्यावर ‘तुझ्या खोलीत घुमतंय’ हे सांगणे कोणालाच आवडत नाही.

सुरुवातीला पाच सेकंद काही न बोलता मुद्रण चालू ठेवा. ही खोलीची शांतता संपादकाला लागते. मग आधीचा संवाद मनात म्हणा, आपला बोला, दोन-तीन सेकंद थांबा, पुढचा. चुकले तर मुद्रण न थांबवता एक टाळी वाजवा आणि तो संवाद मुळापासून पुन्हा घ्या. टाळीचे उंच टोक पडद्यावर लगेच दिसते. वाक्याच्या मधूनच पुन्हा सुरुवात केली तर सांधा हमखास ऐकू येतो. महत्त्वाच्या संवादांची दोन रूपे द्या, पाच नकोत; निवडायला कोणाला वेळ नसतो.

ओरडताना एक पाऊल मागे जा आणि मान थोडी वळवा. स्वगतासाठी उलट करायचे: जवळ या, आवाज खाली आणा. एवढ्या अंतराच्या फरकानेच स्वगत वेगळे ऐकू येते, प्रतिध्वनी वगैरे लावायची गरज पडत नाही. हसणे, हुंदका, दचकणे हे संवादाला चिकटवू नका, वेगळे द्या. ‘सगळे’ म्हणून जिथे लिहिले असेल ते वाक्य प्रत्येकाने दोनदा, वेगवेगळ्या वेगाने म्हणावे. सगळ्यांचे अगदी एकदम जुळले तर जमाव वाटत नाही, प्रार्थना वाटते.

५. जोडणी

प्रत्येक पात्राला वेगळा ट्रॅक द्या. कापाकापीच्या आधी प्रत्येकाची पूर्ण फाइल एका पातळीवर आणा; मोनोसाठी उणे १९ एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या सरासरी मोठेपणाचे माप) ठीक. हे संपूर्ण फाइलवर करायचे, एकेका संवादावर नाही, कारण तसे केले तर कुजबुज आणि किंकाळी सारख्याच मोठ्या होतात. ८० हर्ट्झच्या खालचा घरघराट काढून टाका. खरखर कमी करण्याची सोय हलक्या हाताने वापरा. जास्त केली की आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो, आणि थोडी खरखर त्यापेक्षा केव्हाही चांगली.

आता थांबे. संपादक कंटाळला की प्रत्येक संवादामागे अर्धा सेकंद ठेवून मोकळा होतो, आणि मग उत्तम वाचलेले नाटकही निर्जीव होते. साध्या बोलण्यात ०.३ ते ०.५ सेकंद चालतात. भांडणात ०.१ पर्यंत खाली या, किंवा पुढचा संवाद आधीच्या शेवटच्या शब्दावर चढवा. ‘फक्त काय? बोला!’ हे ‘फक्त’च्या शेपटीवरच यायला हवे. त्यानंतर दिवाण गप्प आहे. तिथे दीड सेकंद द्या आणि मगच ‘फक्त कुलूप उरलं आहे’. वाईट बातमीनंतरचा थांबा लांब ठेवायला धीर लागतो, कारण पडद्यावर ती रिकामी जागा मोठी दिसते. म्हणून थांबे ठरवताना पडद्याकडे पाहू नका, डोळे मिटून ऐका. प्रवेश बदलताना तीन सेकंद पुरेत.

या जागा पूर्ण रिकाम्या ठेवू नका. बोलताना खोलीची बारीकशी हवा ऐकू येते आणि थांब्यात एकदम सगळे मिटते, तेव्हा ऐकणाऱ्याला खटकते. एकाच खोलीची ती सुरुवातीची शांतता सबंध प्रवेशाखाली पसरा. वेगवेगळ्या घरांतले आवाज एका दालनात आल्यासारखे वाटू लागतात ते मुख्यतः यामुळे.

६. तपासणी आणि प्रत

ऐकून तपासणारा माणूस संपादक नसावा. ज्याने शंभरदा ऐकले त्याला गळलेला शब्द ऐकू येत नाही. तपासनिसाने संहिता समोर ठेवून वेळ, संवाद क्रमांक आणि दोष एवढेच लिहावे. दुरुस्तीचे संवाद मुद्रित करताना वाचकाने आपले जुने मुद्रण आधी ऐकावे, त्याच जागी, तेवढ्याच अंतरावर बसावे. सकाळचा आणि रात्रीचा आवाज वेगळा असतो, शक्य असेल तर वेळही तीच ठेवावी.

प्रत्येक अंकाची वेगळी फाइल करा: सुरुवातीला नाटकाचे, लेखकाचे आणि अंकाचे नाव, शेवटी पाच सेकंद शांतता. पहिल्या अंकाआधी पात्रे आणि वाचक यांची नावे प्रत्येकाने स्वतःच्या आवाजात सांगावीत, म्हणजे ऐकणाऱ्याला आवाज ओळखीचे होतात. प्रसारणासाठी १२८ केबीपीएसची एमपीथ्री पुरते, पण मूळ वेव्ह आणि सगळे सुटे ट्रॅक जपून ठेवा. मुद्रण कोणत्या अटींवर खुले करायचे याची प्रत्येक स्वयंसेवकाची लेखी संमती काम सुरू होण्याआधीच घ्या. अल्पवयीन असेल तर पालकांची. ती त्याच फोल्डरात ठेवावी.