विंडोजचा सर्च इंडेक्सर मेमरी अडवून बसत असेल तर

टास्क मॅनेजरमध्ये ‘मेमरी’ या स्तंभावर क्लिक केल्यावर अगदी वरच्या ओळींत ‘मायक्रोसॉफ्ट विंडोज सर्च इंडेक्सर’, म्हणजे शोध झटपट व्हावा म्हणून फाइलींची सूची (इंडेक्स) तयार ठेवणारी विंडोजची सेवा, ठाण मांडून बसलेला दिसला, की बरेच जण ती सेवा सरळ बंद करून मोकळे होतात. त्याने मेमरी सुटते खरी, पण फाइल एक्सप्लोररमधील शोध मंदावतो आणि आउटलुकमध्ये जुनी ईमेल शोधणे जिकिरीचे होते. म्हणून तो उपाय शेवटासाठी राखून ठेवावा.

आधी ही वाढ तात्पुरती आहे की कायमची, हे पाहावे. नवीन संगणक, विंडोजचे मोठे अपडेट किंवा हजारो फाइलींचा नुकताच कॉपी केलेला फोल्डर, यांपैकी काही असेल तर इंडेक्सर काही तास जोमाने काम करणारच. स्टार्ट मेनूमध्ये ‘इंडेक्सिंग ऑप्शन्स’ असे टाइप करून ती खिडकी उघडावी. वरच्या ओळीत आतापर्यंत किती घटकांची (फाइली, ईमेल इत्यादींची) नोंद झाली आणि काम पूर्ण झाले की चालू आहे, ते दिसते. आपण संगणक वापरत असताना इंडेक्सर स्वतःहून वेग कमी करतो, त्यामुळे तो रेंगाळल्यासारखा वाटल्यास संगणक चार्जरला जोडून रात्रभर चालू ठेवावा. काम पूर्ण झाल्याचा संदेश येऊनही मेमरी खाली उतरत नसेल, किंवा तो संदेश दिवसेंदिवस येतच नसेल, तरच पुढील उपायांकडे वळावे.

याच खिडकीतील घटकांचा आकडा लक्षपूर्वक वाचावा, कारण बहुतेक वेळा दुखणे तिथेच सापडते. मायक्रोसॉफ्टच्या मार्गदर्शनानुसार सुमारे 4 लाख घटकांच्या पुढे कामगिरी मंदावू लागू शकते आणि 10 लाखांच्या पुढे इंडेक्सर अपयशी ठरू शकतो किंवा मेमरी, प्रोसेसर व डिस्क यांच्यावर मोठा भार टाकू शकतो. घरगुती संगणकावर एवढ्या फाइली कुठून येणार, असे वाटते; परंतु प्रोग्रामिंगच्या एका प्रकल्पातील ‘नोड मॉड्यूल्स’ हा एकटा फोल्डरसुद्धा हजारो बारीक फाइली बाळगून असतो, आणि असे दहा-वीस प्रकल्प साठले की आकडा कुठच्या कुठे जातो.

आता ‘मॉडिफाय’वर क्लिक करावे आणि उघडलेल्या फोल्डरांच्या यादीत ज्यांत आपण कधी शोध घेत नाही, त्यांच्यासमोरील खुणा काढून टाकाव्यात. बॅकअप, प्रोग्रामिंगचे प्रकल्प, व्हर्च्युअल मशीनचे (संगणकात चालणाऱ्या आभासी संगणकाचे) फोल्डर आणि प्रोग्राम आपल्या कामाची नोंद ज्यांत लिहीत राहतात त्या सतत बदलणाऱ्या लॉग फाइलींचे फोल्डर यांना आधी वगळावे. फाइल बदलली की तिची नोंद पुन्हा करावी लागते, त्यामुळे दर मिनिटाला वाढणारी लॉग फाइल इंडेक्सरला उसंत मिळू देत नाही.

यानंतर ‘अ‍ॅडव्हान्स्ड’मधील ‘फाइल टाइप्स’ हा भाग पाहावा. प्रत्येक प्रकारच्या फाइलसाठी केवळ नाव, तारीख यांसारखे गुणधर्म नोंदवायचे की आतला मजकूरही वाचायचा, हे येथे ठरवता येते. मराठी वापरकर्त्यांनी येथे थोडे थांबावे. श्रीलिपी किंवा आकृतीच्या जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेल्या दस्तऐवजांत पडद्यावर देवनागरी दिसत असली, तरी आत साठवलेले संकेत वेगळेच असतात. त्यामुळे युनिकोडमध्ये ‘सातबारा’ असे टाइप करून शोधल्यास त्यांतील एकही फाइल हाती लागत नाही. स्कॅन करून ठेवलेल्या पीडीएफमध्येही बहुधा केवळ चित्र असते. असा संग्रह वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवून तो फोल्डरच इंडेक्समधून वगळावा आणि फाइलींना नीट नावे द्यावीत. ‘इंडेक्स प्रॉपर्टीज ओन्ली’ हा पर्याय त्या प्रकारच्या सर्वच फाइलींना लागू होतो, म्हणून युनिकोडमधील दस्तऐवजही त्याच प्रकारचे असतील तर तो विचारपूर्वक निवडावा.

टास्क मॅनेजरच्या ‘डिटेल्स’ भागात ‘सर्चफिल्टरहोस्ट’ ही प्रक्रिया फुगलेली दिसली, तर संशय फाइलींतील मजकूर वाचणाऱ्या फिल्टरवर घ्यावा. पीडीएफ वाचण्याचे एखादे सॉफ्टवेअर स्वतःचा फिल्टर बसवते. ते अद्ययावत करून किंवा काढून फरक पडतो का, ते पाहावे.

ही छाटणी झाल्यावरच ‘अ‍ॅडव्हान्स्ड’मधील ‘रीबिल्ड’ वापरावे. त्याने जुना इंडेक्स पुसला जाऊन नवा तयार होतो. मूळ फाइलींना धक्का लागत नाही. छाटणी न करता रीबिल्ड केल्यास तेवढाच बोजा पुन्हा उभा राहतो आणि काही तास फुकट जातात. विंडोज 10 मधील ‘विंडोज डॉट ईडीबी’ ही इंडेक्स साठवणारी, फुगलेली फाइल हाताने पुसण्याचा सल्ला अनेक जण देतात, पण रीबिल्डने तेच काम सुरक्षितपणे होते.

एवढे करूनही उतार पडला नाही आणि संगणकात मुळात 4 जीबीच मेमरी असेल, तर ‘सर्व्हिसेस’ उघडून ‘विंडोज सर्च’ ही सेवा थांबवावी व तिचा स्टार्टअप प्रकार ‘डिसेबल्ड’ करावा. आउटलुकवर ज्यांचे कार्यालयीन काम चालते, त्यांनी मात्र त्याऐवजी मेमरी वाढवून घेण्याचा खर्च केलेला बरा.