रेकॉर्डवर वजन की क्लॅम्प? या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात खानापूरहून एक काका त्यांचा टर्नटेबल घेऊन आमच्या घरी आले. पिशवीतून बाहेर काढायच्या आधीच म्हणाले, "गाणं रडतंय वो. आधी असं नव्हतं." मी रेकॉर्ड लावली. लांबलेला सूर मधेच खाली ओघळायचा आणि पुन्हा सावरायचा. थाळीच्या मध्यावर पितळेचा एक देखणा ठोकळा बसवलेला होता, उद्यमबागेतल्या ओळखीच्या वर्कशॉपमध्ये लेथवर काढून घेतलेला. पाऊण किलोचा, कडा बोटाला लागू नयेत अशा घासलेल्या. करणाऱ्याच्या हातात कसब होतं. ठोकळा उचलून बाजूला ठेवला, तीच ओळ पुन्हा लावली, आणि सूर जागेवर आला.

बेळगावात हे वरचेवर होतं. फाउंड्री आणि लेथ हाकेच्या अंतरावर, त्यामुळे हवं ते दोन-चार दिवसांत कातून मिळतं. कुठंतरी फोटो बघितला की माणूस माप घेऊन निघतो. पण आपल्या प्लेअरला नेमकं काय होतंय हे न बघता वजन ठेवलं, तर नसलेलं दुखणं मागं लागतं. निपाणी, चिकोडीपासून जांबोटीपर्यंतचे जेवढे प्लेअर माझ्या हाताखालून गेले, त्यातल्या बहुतेकांना वजनाची गरजच नव्हती.

घसरतंय की वाकलंय, ते आधी बघा

वजन म्हणजे थाळीच्या मधल्या दांडीत घालून रेकॉर्डवर ठेवायचा जड ठोकळा, आणि क्लॅम्प म्हणजे त्याच दांडीला आवळून रेकॉर्ड दाबणारी पकड. वजन असो वा क्लॅम्प, त्याची खरी कामं दोनच. रेकॉर्ड मॅटवर, म्हणजे थाळीवरच्या अस्तरावर, घसरत असेल तर तिला धरून ठेवणं, आणि रेकॉर्ड वाकलेली असेल तर तिला मॅटला टेकवणं. रेकॉर्ड मॅटवर नीट टेकली की तिची बारीक थरथरही थोडी मॅटमध्ये जिरते, पण ते या दोन कामांच्या मागून येतं.

घसरण तपासायला उपकरण लागत नाही. घरात टिकलीचं पाकीट असतंच. एक टिकली थाळीच्या कडेला चिकटवा आणि लेबलवरचं एखादं ठळक अक्षर तिच्या रेषेत आणून रेकॉर्ड ठेवा. लेबलला काही चिकटवू नका, जुना कागद सोलून निघतो. पूर्ण बाजू वाजू द्या, हात न लावता थाळी थांबू द्या, मग बघा. अक्षर टिकलीसमोरच असेल तर रेकॉर्ड घसरत नाही, विषय संपला. सरकलेलं असेल तर आधी मॅट पुसून बघा. जुन्या रबराचा मॅट कडक होऊन काचेसारखा गुळगुळीत झालेला असतो. ओल्या फडक्यानं धूळ काढून नीट वाळवला की निम्म्या वेळा तेवढ्यावर भागतं.

वाक बघायला डोळा थाळीच्या पातळीवर आणा. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या वेगाला एक फेरा १.८ सेकंदांत होतो, तेवढ्या वेळात आर्म, म्हणजे पिन धरणारा हात, एकदा वर जाऊन खाली येत असेल तर वाक आहे. आता रेकॉर्ड हातात घ्या आणि वाक कोणत्या जातीचा ते ठरवा. मधोमध फुगलेली, कडा टेकलेल्या, म्हणजे पालथ्या ताटासारखी असेल तर मध्यावर ठेवलेलं वजन ती सपाट करतं. कडा वर आणि मधला भाग टेकलेला, म्हणजे परातीसारखी असेल तर वजन कितीही ठेवा, मधला भाग आधीच खाली आहे, तो अजून कुठं जाणार? इथं क्लॅम्प लागतो. दांडीत आधी एक पातळ वॉशर घालायचा, लेबलपेक्षा बराच लहान, त्यावर रेकॉर्ड, आणि वरून क्लॅम्प असा आवळायचा की तो वॉशरच्या बाहेरच्या भागावर दाबेल. मग कडा खाली येतात. रेकॉर्ड उलटली की परातीचं पालथं ताट होतं, तेव्हा वॉशर काढायचा. ही वॉशरची गोष्ट विसरून लोक क्लॅम्पला नावं ठेवतात. आणि एकाच बाजूची कड लाटेसारखी उचललेली असेल तर मध्यावरच्या कोणत्याच वस्तूचा तिथवर हात पोचत नाही.

वाक काढायला रेकॉर्ड दोन काचांत घालून गच्चीवरच्या उन्हात ठेवण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. व्हिनाइल ६० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं, आणि एप्रिलमधल्या काचेखाली ते तापमान कधी गाठलं हे कळतही नाही.

स्प्रिंगवरच्या प्लेअरवर जड ठोकळा

काकांचं हेच झालं होतं. थोरेन्स टीडी १६० किंवा लिन एलपी १२ च्या जातीच्या प्लेअरमध्ये थाळी आणि आर्म एका आतल्या चौकटीवर असतात आणि ती चौकट स्प्रिंगांवर तरंगते. मोटर मात्र बाहेरच्या सांगाड्याला. स्प्रिंगा मूळच्या वजनाला धरून जुळवलेल्या असतात. वरून पाऊण किलो ठेवला की चौकट खाली बसते, मोटरची पुली जागेवरच राहते, बेल्ट तिरका धावायला लागतो आणि वेग डळमळतो. अशा प्लेअरला हलका क्लॅम्पच बरा. क्लॅम्प दांडीला धरून रेकॉर्ड दाबतो, त्यामुळे त्याचा दाब दांडी आणि थाळी यांच्यातच राहतो. स्प्रिंगांवर किंवा बेअरिंगवर, म्हणजे दांडी ज्यात फिरते त्यावर, पडतो तो फक्त क्लॅम्पच्या स्वतःच्या वजनाचा भार, आणि हलका क्लॅम्प शंभर ग्रॅमच्या आतही मिळतो.

"जड ठोकळ्यानं थाळी एकसारखी फिरते," असंही बरेच जण सांगतात. हिशेब करून बघूया. दीड किलोची, ३० सेंटिमीटर व्यासाची थाळी धरा. तिच्यावर अर्ध्या किलोचा, ८ सेंटिमीटर व्यासाचा ठोकळा ठेवला तर बेअरिंगवरचा थाळीचा भार एक तृतीयांशानं वाढतो. पण फिरतं राहण्याचा जोर, ज्याला जडत्व म्हणतात, तो फक्त दोन-अडीच टक्क्यांनी वाढतो, कारण जडत्व ठरतं ते वजन मध्यापासून किती लांब आहे यावर. जात्याच्या पाळीला आणि खुंट्याजवळ सारखंच वजन लावून बघा, हाताला फरक कळेल. दांडीच्या टोकाखालची चकती मात्र तो जास्तीचा भार प्रत्येक फेऱ्याला सोसत राहते.

मधली दांडी फिरते का?

ही चूक फारशी कुणी लिहीत नाही, पण आपल्याकडच्या जुन्या घरांत तीच जास्त होते. पाच-सहा रेकॉर्डी एकावर एक लावून आपोआप खाली पाडणारे चेंजर प्लेअर अजून कितीतरी माळ्यांवर आहेत. त्यांची उंच दांडी थाळीबरोबर फिरत नाही. थाळी तिच्याभोवती फिरते. अशा दांडीला क्लॅम्प आवळला की तो रेकॉर्डला जागेवर धरून ठेवतो, खाली थाळी फिरत राहते आणि मॅट रेकॉर्डच्या खाचांवर घासत राहतो. दांडीच्या डोक्यावर शाईचा एक ठिपका द्या, थाळी हातानं फिरवा. ठिपका थाळीबरोबर फिरला तरच क्लॅम्पचा विचार करा.

७८ च्या रेकॉर्डी

मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या रेकॉर्डींपाशी मला थोडं थांबायचं आहे. हा मुलूखच गाण्याचा. कुमार गंधर्व १९२४ साली बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मले. इथल्या जुन्या घरांच्या ट्रंकांमध्ये बालगंधर्व, हिराबाई बडोदेकर यांच्या दहा इंची रेकॉर्डी अजून निघतात. त्या व्हिनाइलच्या नव्हेत, लाखेच्या मिश्रणाच्या. दाब पडला की व्हिनाइल वाकतं, लाख फुटते.

आमच्या आत्याकडून आलेल्या एका रेकॉर्डीला कडेपासून आत केसाएवढी चीर होती. वाजताना टक् टक् यायचं, पण गाणं शाबूत होतं. तिचा मधला भाग किंचित उचललेला वाटला म्हणून मी स्क्रूचा क्लॅम्प लावला आणि आणखी अर्धा फेरा दिला. बांगडी फुटल्यासारखा बारीक आवाज झाला आणि ती चीर लेबलपर्यंत गेली. मागच्या बाजूला आत्यानं शिसपेन्सिलनं लिहिलेली तारीख दोन तुकड्यांत वाटली गेली. ते तुकडे मी जपून ठेवलेत, पण ते गाणं त्या घरात पुन्हा वाजलं नाही.

म्हणून ७८ च्या रेकॉर्डीला क्लॅम्प लावायचाच नाही, वजनही नाही. ती घसरत असेल तर मॅट बदला. जुन्या आर्मची पिन जड बसते म्हणून ती जास्त ओढली जाते, एवढंच त्यामागं असतं.

वजन नको तिथं ठेवलेलं वजन

पिन उड्या मारते म्हणून आर्मच्या टोकावर नाणं ठेवायची सवय अजून गेलेली नाही. जुनं जाड पाचाचं नाणं ९ ग्रॅमचं. आजच्या बऱ्याच कार्ट्रिजना, म्हणजे पिन बसवलेल्या डब्यांना, दीड ते अडीच ग्रॅम दाब लागतो. नाण्यानं उडी थांबते, कारण पिन खाच कोरत पुढे जाते. दाब मोजायला पॉइंट शून्य एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा पुरतो. नसेल तर ओळखीच्या सराफाकडे प्लेअरच घेऊन जा, कुणी नाही म्हणत नाही. आणि आधी थाळीवर गवंड्याची पाणसळ ठेवून बघा. शहाबादी फरशीवर ठेवलेलं टेबल जवळपास कधीच सपाट नसतं, आणि त्यामुळेही पिन एका बाजूला पळते.

वजन काढल्यावरही सगळं संथ वाजत असेल तर मोटरची पाटी वाचा. नातेवाइकांनी अमेरिकेतून पाठवलेला ६० हर्ट्झचा प्लेअर ट्रान्सफॉर्मर लावून आपल्या ५० हर्ट्झवर चालवला की ३३⅓ ऐवजी सुमारे २८ फेरे फिरतो. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ नाही. त्याला ५० हर्ट्झची पुली लागते.

लेथवर करून घ्यायचंच असेल तर

टिकलीच्या तपासणीत रेकॉर्ड घसरते हे दिसलं, दांडी थाळीबरोबर फिरते, खाली स्प्रिंगा नाहीत, तर वजन जरूर करून घ्या. दोनशे ते तीनशे ग्रॅम पुरे. वर्कशॉपमध्ये हमखास ऐकाल, "काका, अर्धा किलो करूया की, गच्च बसतंय बघा." नको म्हणा. धातू पितळ किंवा ॲल्युमिनियम. बिडाचा तुकडा फुकट मिळत असला तरी नको. कार्ट्रिजमध्ये चुंबक असतो, मूव्हिंग कॉइल (हलत्या तारेच्या गुंडाळीच्या) जातीत तर चांगलाच जोरदार, आणि रेकॉर्ड संपताना पिन लेबलजवळ येते तेव्हा लोखंड त्याला ओढतं. शिवाय आपल्या पावसात बिडाला चार महिन्यांत गंज येतो आणि तो तांबूस भुगा खाचांत जातो.

लेबलचा व्यास १० सेंटिमीटर असतो, ठोकळा ८ च्या आत ठेवा, नाहीतर शेवटच्या खाचेत आर्मचं डोकं त्याला धडकेल. दांडीचं माप अंदाजानं सांगू नका, प्लेअर सोबत न्या आणि मिस्त्रींना व्हर्निअर (बारीक माप घ्यायचं साधन) लावू द्या. भोक मधोमधच हवं, केसभर सरकलं तरी ठोकळा डुलतो. खालच्या बाजूला मध्ये उथळ खळगा घ्यायला सांगा, म्हणजे दाब लेबलच्या कडेकडे पडेल, आणि त्यावर पातळ फेल्ट चिकटवा. वरच्या बाजूला दोन बोटांत बसेल अशी खाच घ्या, थाळी थांबल्यावरच उचलायचा आणि उचलताना घाम आलेल्या हातातून तो आर्मवर पडता कामा नये. उंची ठरवायच्या आधी घरी झाकण लावून दांडी आणि झाकण यांच्यातलं अंतर मोजा.