उन्हाच्या कडेला: वधूच्या पोर्ट्रेटबद्दल नवशिक्यांसाठी

या कामात नव्याने येणारी मुलं-मुली मला सगळ्यात आधी लेन्स विचारतात. ८५ मिलिमीटरची लेन्स आणि एफ/२ ते एफ/२.८ एवढं अ‍ॅपर्चर (लेन्सचं उघडं छिद्र) पुरतं. त्यावर मी फार वेळ घालवत नाही, कारण बाहेरच्या उजेडात चेहरा बिघडतो तो बहुधा वधूला चुकीच्या जागी उभं केल्यामुळे.

जागा निवडताना मी मागचं दृश्य शेवटी बघते. आधी हाताची मूठ चेहऱ्याच्या उंचीवर धरून सावकाश गोल फिरते. बोटांच्या पेरांवरच्या सावल्या कुठे काळ्याकुट्ट होतात आणि कुठे मऊ पडतात, ते लगेच दिसतं. एका बाजूला हलकी सावली राहून मूठ भरीव दिसेल, ती वधूची जागा.

ही जागा बहुतेकदा सावलीच्या काठाशी सापडते. वर छज्जा किंवा कमान, समोर मोकळं आकाश, आणि वधू काठापासून एक-दोन पावलं आत, तोंड उजेडाकडे. डोळ्यांत आकाशाचा पांढरा ठिपका उमटला की चेहरा जागा होतो. याहून फार आत नेलं तर तो ठिपका विझतो आणि डोळे मलूल दिसतात. झाडाखालची सावली मात्र फसवी. पानांतून आलेला एक कवडसा नाकावर पडला, तर पुढे एडिटिंगमध्ये कितीही घासा, तो डाग नीट जात नाही. शिवाय हिरवळीवर ऊन असेल तर तिची हिरवी झाक हनुवटीखाली आणि फिक्या कपड्यांवर चढते. त्यासाठी मी पांढरी चादर जवळ बाळगते आणि फ्रेमबाहेर जमिनीवर पसरते.

सावलीतला उजेड निळ्या आकाशाचा असतो, म्हणून तो थंड. दुपारचं ऊन ५५०० केल्विनच्या (उजेडाचा रंग सांगणारं एकक; आकडा मोठा तितका उजेड निळा) आसपास, तर मोकळी सावली ७००० च्याही पुढे जाते. जागा बदलली की ग्रे कार्डचा, म्हणजे रंग जुळवायच्या करड्या पुठ्ठ्याचा, एक फोटो घ्यायचा. अर्धा चेहरा उन्हात, अर्धा सावलीत असेल तर व्हाइट बॅलन्सच्या (उजेडाप्रमाणे रंग जुळवायची सेटिंग) कोणत्याच आकड्याने दोन्ही गाल जुळत नाहीत. तिथून सरळ हलावं.

कॅमेऱ्यातलं उजेड मोजणारं मीटर समोरचं सगळं मध्यम करडं धरून चालतं. पांढऱ्या पोशाखाने फ्रेम भरली की चेहरा काळवंडतो, गडद पोशाख असला की पांढराफटक पडतो. म्हणून स्पॉट मीटरने (फक्त एका लहान जागेचा उजेड मोजणारं) चेहरा मोजून मॅन्युअलवर आकडे पक्के करा आणि हायलाइटची, म्हणजे फार उजळ झालेले भाग दाखवणारी, सूचना चालू ठेवा. कपड्यावरचं बारीक काम एकदा जळालं की रॉ फाइलमधूनही (कॅमेऱ्याने टिपलेली कच्ची, प्रक्रिया न केलेली फाइल) परत येत नाही, आणि ते तिने किती हौसेने निवडलेलं असतं!

सूर्यास्ताआधीचा तास सगळ्यांना हवा असतो. मलाही तो प्रिय आहे, पण तो घाई करायला लावतो. उजेड सतत उतरत असतो, त्यामुळे दर थोड्या फोटोंनी पुन्हा मोजावं लागतं. सूर्य मागे ठेवला की केसांना सोनेरी कड येते. तेव्हा लेन्सवर थेट ऊन येऊ देऊ नका, नाहीतर काळा रंग धुरकट होतो. हूड (लेन्सच्या तोंडावरचं ऊन अडवणारं कडं) अपुरं पडलं तर सहायकाने तळहाताची सावली धरावी. चेहऱ्यासाठी पांढरा रिफ्लेक्टर (उजेड परतवणारा फलक) छातीच्या उंचीवर, जरा बाजूने धरायचा. चंदेरी रिफ्लेक्टरने डोळे मिचकावले जातात आणि सोनेरीने त्वचा पिवळी पडते, म्हणून माझ्या पिशवीत दोन्ही नसतात.

ढगाळ दिवशी उजेड मऊ असला तरी येतो डोक्यावरून, आणि डोळ्यांच्या खाचांत अंधार साठतो. वधूने हनुवटी किंचित वर केली किंवा आपण पायरीवर उभं राहून तिला वर बघायला सांगितलं, की तो निघतो.

हे सगळं ठरेपर्यंत वधूला उभं करू नका. जड कपड्यांत, दागिन्यांत ती आधीच थकलेली असते. सहायकाला तिच्या जागी उभं करून मोजमाप उरका, तोवर तिला सावलीत बसू द्या, पाणी द्या. समोरचा उजेड प्रखर असेल तर तिला डोळे मिटायला सांगून तीन म्हटल्यावर उघडू द्या. मिचकावण्याआधीची नजर तेवढ्यात मिळते.

वेळापत्रक ठरत असतानाच संध्याकाळची वेळ मागून घ्या. भरदुपारचीच मिळाली, तर आदल्या दिवशी त्याच वेळी तिथे जाऊन कुठल्या भिंतीची सावली किती रुंद पडते ते बघून या.