शुगरच्या गोळ्या चालू असताना मेथी, दालचिनी वगैरे कसं सुरू करायचं

आधी आपल्या गोळीच्या पाकिटावरचं नाव वाचा. नुसती मेटफॉर्मिन असेल तर शुगर एकदम खाली जायची भीती कमी, पण ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा इन्सुलिन चालू असेल आणि वरून मेथी नाहीतर कारल्याचा रस सुरू केला तर दोन्ही मिळून शुगर 70 च्या खाली जाऊ शकते, मग दरदरून घाम येतो, हातपाय थरथरतात, छातीत धडधडतं. अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच प्यायची, 15 मिनिटांनी परत चेक करायचं, आणि माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही न घालता सरळ हॉस्पिटल गाठायचं. म्हणून डॉक्टरांना आधी सांगा, घरगुतीच तर आहे म्हणून लपवू नका प्लीज.

सुरू करायच्या आधी आठवडाभर उपाशीपोटीची आणि पहिल्या घासापासून दोन तासांनंतरची शुगर वहीत लिहून ठेवा, नंतर तुलना कशाशी करणार? आणि एका वेळी एकच गोष्ट घ्या, मेथी, जांभळाच्या बियांची पावडर, कारलं सगळं एकदम चालू केलं की कशाने फरक पडला ते कळतच नाही.

माझा भरवसा सगळ्यात जास्त मेथीवर. भिजवलेले दाणे बुळबुळीत लागतात ना, तो विरघळणारा फायबर, त्यामुळे जेवणातली साखर रक्तात हळूहळू जाते, म्हणून दाणे फेकून नुसतं पाणी पिणं मला अजिबात पटत नाही, दाणे चावून खा किंवा पावडर ताकात, कणकेत घाला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या अभ्यासात रोज 25 ग्रॅम मेथी दिली होती, पण तुम्ही चमचाभरापासूनच सुरू करा, नाहीतर गॅस आणि जुलाब ठरलेले. गोळी ज्या जेवणाबरोबर असते ते सोडून दुसऱ्या जेवणाला घ्या, दोनेक तासांचं अंतर राहू दे, इसबगोललाही हेच. प्रेग्नन्सीत, शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असेल तर, किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर मेथीचे असे डोस नकोत.

दालचिनीचे रिझल्ट उलटसुलट आहेत. घ्यायचीच तर पातळ पापुद्र्यांची सिलोन घ्या, जाड सालीच्या कॅशिया दालचिनीत कुमारिन नावाचं द्रव्य जास्त असतं, ते रोज पोटात जाऊन लिव्हरला त्रास होऊ शकतो.

व्हिटॅमिन सीचे मोठे डोस घेत असाल तर काही ग्लुकोमीटर शुगर खोटीच जास्त दाखवतात, ते बघून इन्सुलिन वाढवू नका.

मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर बी12 तपासून घ्याच, विशेषतः शाकाहारी असाल तर. पायाला मुंग्या आल्या की सगळे शुगरवर ढकलतात, कधीकधी बी12 च कमी असतं. ते भरून काढल्याने शुगर उतरत नाही, पण नसांसाठी ते लागतंच.

फरक दिसला तरी मनाने गोळी सोडायची नाही, तीन महिन्यांनी एचबीए1सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ताची तपासणी) करून डॉक्टरांना दाखवा, कमी करायची तर ते करतील. आणि लेबल नसलेली, आठवड्यात शुगर नॉर्मल करणारी चूर्णं घरात आणूच नका, अशा चूर्णांत चक्क ग्लिबेनक्लामाइडसारखी शुगरची औषधं मिसळलेली सापडली आहेत, शुगर उतरते ती त्यानेच, आणि रोज किती डोस पोटात जातोय हे कुणालाच माहीत नसतं.